वाफेची कबुली

१

सूचना आमच्या दाराला चारी कोपऱ्यांनी चिकटवलेली होती. इतकी सरळ, की गवंड्याने ओळंबा लावून डकवली असावी. रविवारची सकाळ, कडेवर पिटू, दुसऱ्या हातात कचऱ्याची पिशवी, आणि नाकासमोर हे:

"निष्कासन-सूचना. दुसरा मजला. आपण वा आपल्या कुटुंबीयांनी भाड्याच्या जागेत वाफसेवन केल्याचे निदर्शनास आले आहे. पुरावे : एक, सोमवार, गुरुवार व शनिवारी सकाळी अकरा ते साडेअकराच्या दरम्यान आपल्या न्हाणीघराच्या खिडकीतून गोड वासाची वाफ वायुमार्गात सोडली गेली. दोन, शनिवारी त्याच खिडकीखाली वाफनळी सापडली. तीन, 'आम्ही घरात रोज वाफ घेतो' अशी आपण स्वमुखे दिलेली कबुली. पंधरा दिवसांत जागा रिकामी करावी. स्पष्टीकरणाची वेळ : सायंकाळी पाच ते सहा."

निष्कासन म्हणजे हाकलणं. एवढं कळायला मला दोनदा वाचावं लागलं, आणि माझी पदवी भाषेतली आहे.

आमचे घरमालक तळमजल्यावर राहतात. आयुष्यभर एका कचेरीत त्यांनी इंग्रजी कागद आपल्या भाषेत आणले आणि निवृत्त झाल्यावर ती खोड भाडेकरूंवर मोकळी सोडली. जिन्यात 'पादत्राणे समांतर ठेवावीत'. मागच्या अंगणात पंपावर 'जलउपसा, सकाळी अकरा', आणि तो जलउपसा ते स्वतः घड्याळ हातात धरून करतात. सगळी इमारत त्यांना शुद्धकाका म्हणते, अर्थात पाठीमागे. वेप या शब्दाची त्यांनी वाफ केली होती. वेप ओढण्याचं वाफसेवन, त्या पेनासारख्या यंत्राची वाफनळी, आणि न्हाणीघरामागच्या डक्टचा वायुमार्ग.

पण कबुली? मी कधी दिली?

मग आठवलं. शनिवारी मी पिटूला घेऊन नेहमीसारखी अकराला बागेत निघाले होते. पाण्याची बाटली विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परतले. बाबागाडी खाली सोडून पिटूला घेऊन जिना चढत होते, तर मालकीणकाकू वरून खाली येत होत्या. धापा टाकत. "गच्चीवर गेले होते गं," म्हणाल्या, मी विचारलं नसताना. मग पिटूच्या गालाला हात लावून, "खोकते का अजून?"

"सगळेच खोकतोय. आम्ही रोज वाफ घेतो घरात, त्याशिवाय झोपच लागत नाही."

"निलगिरी घालतेस की नुसतं पाणी?"

"नुसतं पाणी. बाळ आहे ना."

एवढंच. वर आले तर दाराला कुलूप एकदाच फिरवलेलं. मी नेहमी दोनदा फिरवते. झोप नसली की असं होतं, असं म्हणून मी स्वतःलाच दोष दिला.

हे घर मिळायला चार महिने लागले होते. लहान मूल आहे म्हटलं की मालकांचे चेहरे पडायचे. पिटूची छाती सारखी भरते. चालत जाता येईल असा दवाखाना आणि दोन्हीकडून वारा असलेलं घर आम्हाला हे एकच मिळालं होतं. पंधरा दिवसांत दुसरं कुठून आणायचं?

आणि कबुली खोटी ठरवली तरी ती नळी उरत होतीच. ती आमच्याच खिडकीखाली सापडली होती. मी ओढत नाही. पिटू अजून रांगते. घरात तिसरं माणूस एकच आहे.

२

नवऱ्याने सूचना वाचली, चहाचा कप खाली ठेवला आणि हसला. "उद्वाहक-दुरुस्तीकार वाफ ओढतो!" तो लिफ्ट दुरुस्त करतो, आमच्या इमारतीत नाव बदलायला लिफ्ट नाही, म्हणून शुद्धकाकांनी त्याच्या धंद्याचंच नाव शुद्ध करून ठेवलं आहे. मी हसले नाही, तेव्हा तोही थांबला.

"तुला काय वाटतंय? माझं आहे ते?"

"मी काही म्हटलंय का?"

"तोंडाने नाही म्हटलंस."

पिटू पोटात असताना त्याने सिगारेट सोडली. म्हणजे, सोडली असं तो म्हणतो. मी त्याचे शर्ट मशीनमध्ये टाकण्याआधी हुंगते. हे त्याला माहीत नाही.

मी माझी वही आणली. पिटू झाल्यापासून तिचं दूध, झोप, खोकला, बाहेर जाणं, सगळं मी वेळेसकट लिहिते. नवरा तिला पंचनामा म्हणतो. सोमवार : बाग, अकरा ते बारा. गुरुवार : लसीकरण, साडेदहा ते बारा. शनिवार : बाग, अकरा, बाटलीसाठी परत, अकरा पंचवीस. तिन्ही वेळा मी घरात नव्हते.

"बघ. घर बंद होतं," तो म्हणाला. "सुटलो!"

"माझ्यापुरतं बंद होतं. किल्ली तुझ्याकडे पण आहे. गुरुवारी तू लसीला साडेदहाला येणार होतास. आलास पावणेबाराला. अकरा वाजता कुठे होतास?"

"कामावर."

"कुठे?"

त्याने नजर चुकवली. लग्नाला चार वर्षं झाली. याची नजर कुठे आणि कशी चुकते हे मला पाठ आहे.

"लिफ्टमध्ये," तो म्हणाला. मग फोन वाजला, कुठेतरी कोणीतरी अडकलं होतं, आणि तो बूट घालायला लागला. दारात वळून म्हणाला, "आणि जाता जाता सांगतो, पिटूचा टब असा उलटा घालून ठेवू नकोस. तळाला चीर गेलीय."

"मी? मी कशाला उलटा घालीन? तूच ठेवतोस की. मी रोज सुलटा करते."

"मी कधीच ठेवला नाही."

गेला महिनाभर खिडकीखाली तो टब उलटा दिसायचा. मला वाटायचं पाणी निथळायला त्याने ठेवलाय, त्याला वाटायचं मी. नवराबायकोत असल्या गोष्टी कोणी विचारत नाही, मनातल्या मनात फक्त जरा चिडतं.

न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पिटू मूठ तोंडाकडे नेत होती. मी झडप घालून तिची बोटं सोडवली. आत लवंग होती. डोक्यावरचं बोंड मोडलेली, नुसती काडी. घशात अडकली असती तर? मी ती कागदाच्या पुडीत बांधून ठेवली.

आमच्या घरात लवंग आणतच नाहीत. नवऱ्याला तिचा वाससुद्धा सहन होत नाही.

म्हणजे घरात कोणीतरी येत होतं.

३

लवंगेचा वास इमारतीत एकाच दारातून येतो, तिसऱ्या मजल्यावरच्या. तिथे कवळीकाका राहतात. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि हे घरी बसून कवळ्या घडवतात. दार उघडलं तेव्हा त्यांची मान चौकटीखाली वाकलेली होती. ताडमाड माणूस. मागे टेबलावर गुलाबी हिरड्यांचे जबडे ओळीने आ वासून बसलेले. पिटूला ते भलतेच आवडले.

"लवंग खाता का हो तुम्ही?" मी विचारलं. इतक्या लवकर विचारायला नको होतं.

"खात नाही. तेल वापरतो, बाटलीतलं. का? पोलीसखातं उघडलंस का?"

मी सूचना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन ती सावकाश वाचली.

"मलाही आलीय एक. 'दंतघर्षणाचा ध्वनी मर्यादित ठेवावा.' अरे, कवळी घासल्याशिवाय बसते का? आणि कोणाला सांगतोय? ज्याच्या बायकोच्या तोंडात वरची नि खालची दोन्ही माझ्या हातच्या आहेत, तो! सहा वेळा बसवून बघितल्या होत्या तेव्हा. बाई एक शब्द बोलल्या नाहीत, सगळं हाच बोलत होता. तिच्या तोंडातलं कुठे टोचतं तेसुद्धा हाच सांगणार."

"सोमवारी, गुरुवारी, शनिवारी अकरा वाजता तुम्ही घरी होता?"

"मी रोजच घरी असतो. संशय घे हो, घे. पण तुझ्या घरात शिरायचं कसं ते तरी सांग. भिंतीतून?"

"वास आला होता तुम्हाला?"

"खरबुजाचा. गोडमिट्ट. मला वाटलं तुझ्या बाळाचं पावडरबिवडर असेल."

"मग मला बोलला का नाहीत?"

"या इमारतीत बोललं की लिहून येतं, पोरी."

त्यांनी दार लावलं. त्यात राग नव्हता, पण आपुलकीही नव्हती. जिना उतरताना मला ऐकू आलं, आत घासायचं चाक पुन्हा गरगरायला लागलं होतं. पाच वाजायला आले होते.

४

शुद्धकाका टेबलामागे बसले होते. पुढ्यात लाल पेन्सिल, आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक जांभळी नळी, चिठ्ठीसकट : 'पुरावा क्रमांक दोन'. काकू खिडकीपाशी विणत होत्या. त्या खुर्चीवर बसल्या की पाय जमिनीला टेकत नाहीत. मी बाबागाडी त्यांच्या दाराशी नेहमीच्या कोपऱ्यात लावली होती, जिन्याखाली तिच्यासाठी तेवढीच जागा मंजूर झाली होती. पिटू माझ्या मांडीवर.

"काका, या नोटिशीबद्दल..."

"सूचनेबद्दल."

"सूचनेबद्दल. मी काकूंना वाफ म्हटलं ते सर्दीच्या वाफेबद्दल. पातेल्यात गरम पाणी, डोक्यावर टॉवेल."

"वाफ म्हणजे वाफ. तुम्हाला शब्दाचे अर्थ सोयीने बदलता येणार नाहीत."

"अर्थ तुम्ही बदललात! वेपला वाफ जगात कोणी म्हणत नाही."

"जग अशुद्ध बोलतं, हा माझा दोष नाही."

मी काकूंकडे वळले. "काकू, तुम्हीच सांगा ना. मी कशाबद्दल बोलत होते?"

सुया चालत राहिल्या. "मी काय सांगू? यांनी विचारलं, दुसऱ्या मजल्यावर वाफ घेतात का. तू जे म्हणालीस ते मी सांगितलं. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही." त्यांनी गालावर हात धरला. "मला बोलायला लावू नकोस, दाढ ठणकतेय. दिवसभर लवंग धरून बसलेय."

शुद्धकाका सूचनेत काहीतरी दुरुस्त करत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

मी वही उघडली. "गुरुवारी अकरा दहाला घर बंद होतं. लसीच्या कार्डावर शिक्का आहे. बघा."

"घर बंद होतं म्हणजे आत कोणी नव्हतं, असं सिद्ध होत नाही. यजमान कुठे होते?"

मी वही मिटली. त्यांना ते दिसलं.

"मी त्या वेळी पंपापाशी होतो. वायुमार्गात वर पाहिलं. तुमच्या खिडकीतून पांढरा लोट निघत होता. मी पाहिलं ते लिहिलं. मी खोटं लिहीत नाही."

"आमची एक किल्ली तुमच्याकडेही असते."

त्यांनी लाल पेन्सिलीने भिंतीकडे बोट केलं. फळी, चार खिळे, चार किल्ल्या, वर अक्षरं : 'अनुमतीविना किल्ली घेऊ नये'. "या घरात माझ्या अनुमतीविना खिळासुद्धा हलत नाही. तुम्ही दोघं एकमेकांना काय सांगता ते तुमचं तुम्ही बघा. माझ्यापुढे उगाच तोंडाची वाफ दवडू नका."

पिटू रडायला लागली. काकूंनी विणकाम खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ने तिला. मुलांच्या छातीला बंद घर चांगलं नसतं. दुसरं बघा एखादं, हवेशीर."

मायेने बोलावं तशा बोलल्या. पण दोन्हीकडून वारा असलेल्या घराला त्या बंद घर म्हणाल्या, हे मला वर आल्यावर लक्षात आलं.

५

नवरा परतला तेव्हा मी न्हाणीघरात जमिनीवर बसले होते. समोर उलटा टब.

"गुरुवारी अकरा वाजता कुठे होतास? शेवटचं विचारते."

त्याने हातातली अवजारांची पिशवी खाली ठेवली. "सांगितलं ना. लिफ्टमध्ये. अडकलो होतो. मीच."

"काय?"

"दुरुस्त करायला गेलो आणि दोन मजल्यांच्या मध्ये बसलो तासभर. बरोबर एक आजी. 'कसला रे मेकॅनिक तू, तुझ्यापेक्षा माझा जिना बरा,' तासभर हेच. शेवटी दुसरा माणूस आला आणि त्याने सोडवलं. अख्ख्या ऑफिसात मला आता 'पिंजऱ्यातला पोपट' म्हणतात. तुला सांगितलं असतं तर तूही तेच म्हणाली असतीस."

मी हसले. मग रडले. मग म्हणाले, "या टबवर उभा राहा."

"वेड लागलंय का?"

"राहा."

तो उभा राहिला. टबाच्या तळाची चीर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत फाटत गेली आणि त्याचा पाय आत गेला. त्याचं डोकं तर टबशिवायसुद्धा खिडकीच्या वर होतं. टबवर चढायची त्याला गरजच काय? कवळीकाकांना तरी काय? आमच्या खिडकीतून बाहेर बघायला ज्याला पायाखाली काही लागतं, ते माणूस बुटकं हवं. आणि महिनाभर टबने ज्याचं वजन पेललं, ते हलकंही हवं.

मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. मी त्याला पुढ्यात बसवून, बोटांवर मोजत, मोठ्याने सांगितली. बोलले नसते तर माझा माझ्यावरच विश्वास बसला नसता.

तो सगळं ऐकून म्हणाला, "आत्ता चल खाली."

"सहा वाजून गेलेत."

"त्याच्या वेळा त्याच्या घरात!"

"नाही. उद्या पाच वाजता. त्याच्याच वेळेत, त्याच्याच शब्दांत. नाहीतर तो ऐकणार नाही."

६

सोमवारी पाच वाजता मी टेबलावर फुटका टब ठेवला. शुद्धकाकांनी त्याखालचे कागद ओढून घेतले. नवरा पिटूला घेऊन दारात उभा. काकूंच्या सुया चालू होत्या.

"हा काय प्रकार आहे?"

"पुरावा क्रमांक चार. काका, तुम्ही खोटं लिहीत नाही, हे मला मान्य आहे. तुम्ही पाहिलं ते खरंच घडलं. आमच्या खिडकीतून कोणीतरी धूर सोडत होतं. फक्त ते आमच्यातलं नव्हतं."

"मग कोण? भूत?"

"भुताला किल्ली लागत नाही. दार फोडलेलं नाही, कडी मोडलेली नाही. किल्ल्या तीन आहेत. एक माझी. एक याची, पण गुरुवारी हा लिफ्टमध्ये अडकला होता, ऑफिसात विचारा, अख्खं ऑफिस हसेल. तिसरी त्या फळीवर."

त्यांनी फळीकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं.

"येणाऱ्याला रोज कळायचं, की घर रिकामं आहे. कसं? मी बाहेर जाते तेव्हा बाबागाडी जागेवर नसते. ती कुठे असते? तुमच्या दाराशी. येणाऱ्याला हेही माहीत होतं, की अकरा वाजता तुम्ही मागे पंपापाशी असता. फक्त तिथून आमची खिडकी दिसते, हे लक्षात आलं नाही. खिडकी उंच आहे, म्हणून हा टब उलटा घालून त्यावर चढायचं. माझी मुलगी रोज याच टबात बसते. तिच्या आंघोळीच्या टबवर पाय देऊन! हा उभा राहिला तर टब फुटला. म्हणजे माणूस बुटकं, हलकं. शनिवारी मी मध्येच परत आले. जिन्यात पावलं वाजली, घाईत नळी खिडकीतून खाली पडली, कुलूप एकदाच फिरवलं गेलं. आणि जिन्यात मला कोण भेटलं?"

सुया थांबल्या.

"तुम्ही माझ्या कुटुंबावर आरोप करताय," शुद्धकाका उठून उभे राहिले. "माझ्या घरात उभं राहून! तिने तुमची कबुली कळवली, म्हणून हा सूड आहे."

"कबुली! काका, तुम्ही विचारलंत, वाफ घेतात का. काकूंनी मला विचारलं होतं, 'निलगिरी घालतेस की नुसतं पाणी?' वेपमध्ये कोणी नुसतं पाणी घालतं का? मी कसल्या वाफेबद्दल बोलतेय ते त्यांना पक्कं माहीत होतं. आणि तुम्ही कसल्या वाफेबद्दल विचारताय तेही. त्या खोटं बोलल्याच नाहीत. एक अक्षर बदललं नाही. त्यांनी फक्त तुमचाच शब्द तुम्हाला परत दिला."

काकूंनी गालाला हात लावला. "किती बडबडतेस गं! इथे माझी दाढ..."

"कुठली दाढ, काकू? वर-खाली दोन्ही कवळ्या आहेत तुम्हाला. कवळी लपवायची म्हणून खोटं बोलला असाल, तेही समजू शकते. पण कवळीला दाढदुखी होत नाही. मग दिवसभर तोंडात लवंग कशाला? कसला वास झाकायचा असतो?"

"लवंग तर अर्धं जग खातं!" शुद्धकाकांचा आवाज चिरकला. "हा काय पुरावा झाला? कसली लवंग? कुठली?"

मी पर्समधून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर उघडली. "ही आमच्या न्हाणीघराशी सापडली. माझ्या मुलीच्या मुठीत. तोंडात जाणार होती."

खरं सांगते, माझ्याजवळचं सगळं संपलं होतं. अर्ध्या जगाच्या लवंगा सारख्याच दिसतात. त्यांनी उडवून लावलं असतं, तर मला पुढे बोलायला काही नव्हतं.

शुद्धकाका वाकले. लाल पेन्सिलीच्या टोकाने त्यांनी ती काडी उलटी केली. मग पुन्हा सुलटी. खोलीत पिटूच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"बोंड मोडलेलं आहे," ते म्हणाले.

"मग काय झालं?" नवरा दारातून म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. काकूंकडेही नाही. "बोंड कवळीखाली जातं. टोचतं तिला. रोज सकाळी डबीत भरण्याआधी मी मोडून देतो. एकेक." त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं. त्याची कड तपकिरी झाली होती. "नखानं. असं."

मग त्यांच्या लक्षात आलं असावं, की आपण हे स्वमुखे बोललो. ते खाली बसले.

बोलल्या शेवटी काकूच, आणि त्या माझ्याशी बोलल्या.

"भाचा विसरून गेला होता ती नळी. एकदा ओढून बघितली. चाळीस वर्षं या घरात मी श्वाससुद्धा विचारून घेतलाय. भाजी चिरली की सांगतात, काप समांतर नाहीत. पाचदहा मिनिटं तुझ्या खिडकीत उभी राहायचे. तुझं काय जात होतं? कोंडलेली वाफ कुठेतरी निघणारच."

"माझ्या लेकीच्या छातीत निघत होती ती," मी म्हणाले. "आणि तुम्ही आम्हाला बाहेर काढणार होता. काल तिच्याकडे बघून म्हणालात, हवेशीर घर बघा."

"मग काय करू? स्वतःला काढू?"

मला त्यांची दया यायला हवी होती, असं नंतर नवरा म्हणाला. तो चांगला आहे. मला आली नाही. मी टेबलावरून सूचना उचलून शुद्धकाकांपुढे धरली.

त्यांनी लाल पेन्सिल घेतली. सूचनेवर आडवी मारलेली रेघ सरळच आली.

"किल्ली पण," मी म्हणाले.

ते उठले, फळीवरून दुसऱ्या खिळ्याची किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ती घेताना मला लवंगेचा वास आला. त्यांच्या बोटांना की किल्लीला, कळलं नाही.

७

मंगळवारी जिन्यात नवा कागद होता. 'दुसऱ्या मजल्याची निष्कासन-सूचना रद्द. यापुढे वाफ या शब्दाचा अर्थ केवळ पाण्याची वाफ असा घ्यावा.' खाली सही. त्याखाली कोणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'दंतघर्षण चालू राहील'.

आम्ही तरीही कुलूप बदललं. टब नवा आणला. बाबागाडी आता मी दोन मजले उचलून वर नेते.

काही दिवसांनी अकरा वाजता खाली उतरताना काकू दारात होत्या. तोंड मिटलेलं. गालात काही नव्हतं. डबी बहुधा बंद झाली होती. मागे आतून पेन्सिलीचा आवाज येत होता, कागदावर कर्र, कर्र. पंपाची वेळ झाली होती, तरी शुद्धकाका अंगणात गेले नव्हते.

"जिंकलीस," त्या म्हणाल्या.

"मला जिंकायचं नव्हतं, काकू. राहायचं होतं."

"राहा की. आता ते पंपावरसुद्धा जात नाहीत. दिवसभर समोर बसून असतात." त्यांनी पिटूकडे बघितलं नाही. "तूही रोज समोरून जाशील. बघू कोण आधी कंटाळतं ते."

दार लागलं. उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण कोणाजवळ तोंडाची वाफ दवडणार?

संध्याकाळी कपडे मशीनमध्ये टाकताना नवऱ्याचा शर्ट हातात आला. मी तो नाकाशी नेला, आणि थांबले. तो मागे दाराला टेकून उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "पहिल्या महिन्यापासून."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. शर्ट टाकून द्यावा की लपवावा तेही सुचेना.

"हुंग," तो म्हणाला. "पण यापुढे माझ्यासमोर हुंग."

मी हुंगला. ग्रीसचा वास होता, घामाचा होता, आणि कॉलरपाशी पिटूने ओकलेल्या दुधाचा.